'नाइट करायचे' की 'नाइटची सवय आहे'?

मिरजेत सहा वर्षं आयसीयूत काम केल्यावर मी परदेशी नोकरीसाठी ओईटीची, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी सुरू केली. सरावाच्या मुलाखतीत मॅडमनी विचारलं, नाइट ड्युटी जमेल ना? मी म्हटलं, 'आय यूज्ड टू वर्क नाइट्स.' त्या म्हणाल्या, 'मग सोडलीस का?' मला कळेचना. त्याच आठवड्यात माझ्या चार नाइट झाल्या होत्या.

मला सांगायचं होतं की सवय आहे. अर्थ निघाला 'पूर्वी करायचे, आता नाही.' सुधारायला गेले आणि 'आय ॲम यूज्ड टू वर्क नाइट्स' म्हणाले. तेही चूक, तिथे 'वर्किंग' हवं.

नियम पाठ केला, तरी बोलताना घसरायचेच. शेवटी वहीत मराठी वाक्यं लिहिली: 'मी रात्री जागायचे.' 'मला रात्री जागायची सवय आहे.' आणि गोम सापडली. आपल्याकडे दोन्हीकडे 'जागायच' येतं, म्हणून डोक्यात दोन्ही एकाच खणात बसतात.

मग मी एक कसोटी धरली: 'टू'च्या पुढे नुसतं नाम बसतं का? 'आय ॲम यूज्ड टू द अलार्म्स' बसतं; व्हेंटिलेटरच्या आवाजाची सवय आम्हा सगळ्यांनाच असते. 'आय यूज्ड टू द अलार्म्स' बसत नाही. नाम बसतं तिथे क्रियापदाला आयएनजी. मेलच्या शेवटचं 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' त्यातच सुटलं.

आमच्या कामात हा फरक फार महत्त्वाचा आहे. 'ही यूज्ड टू स्मोक' म्हणजे पेशंट पूर्वी सिगारेट ओढायचा, आता ओढत नाही. हे हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देताना, चुकून चालणार नाही. प्रश्न विचारताना मात्र 'डिड यू यूज टू स्मोक?', कारण भूतकाळ 'डिड'नेच दाखवलेला असतो.

पुढच्या रोलप्लेत मॅडम इन्शुलिन नव्याने सुरू झालेल्या पेशंट झाल्या. स्वतःला सुई टोचायची त्यांना भीती वाटत होती. वॉर्डात मी रोज म्हणते, 'होईल हो सवय, आजी.' तेच आठवून म्हटलं, 'यू विल गेट यूज्ड टू इंजेक्टिंग युवरसेल्फ.' मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला.