आघाडीवरची सहकारी, शेवटी सून

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) हा चीन-जपान युद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या भारतीय डॉक्टरांवरचा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला. जयश्री यांनी साकारलेली चिनी परिचारिका युद्धभूमीवरच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या बरोबरीने राबते. पण शेवटी मरणासन्न डॉक्टर सोलापूरच्या आपल्या घराचे वर्णन करतात आणि पडद्यावर ती बाळाला कडेवर घेऊन सासरच्या उंबरठ्याशी पोहोचते, म्हणजे आघाडीवरच्या सहकारी स्त्रीची परिणती सुनेतच होते. कोटणीसांच्या प्रत्यक्षातल्या पत्नी क्वो चिंगलान मात्र चीनमध्येच राहिल्या.

पुढे 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) मधली मीनाकुमारी परिचारिकाच असली, तरी कथेला तिच्या कामापेक्षा तिच्या मूक प्रेमातच अधिक रस आहे. 'हम दोनों'मध्ये (१९६१) तर पुरुष ब्रह्मदेशच्या आघाडीवर आणि स्त्रिया घरी वाट पाहत.

मला खटकते ते असे की, शांतारामांचा राजकमल स्टुडिओ ज्या परळमध्ये होता, तिथल्याच गिरण्यांच्या वाइंडिंग खात्यांत बायका सूत गुंडाळत होत्या, पगारावर घर चालवत होत्या, संपातही उतरत होत्या. त्या काळच्या लोकप्रिय नायिकांमध्ये अशी कामगार स्त्री मला क्वचितच भेटते. भेटते ती बहुधा नर्स, शिक्षिका किंवा नर्तकी, आणि तीही लग्नापुरतीच.