आमची वाटचाल : जुन्या पिस्तुलांचं दुरुस्तीकाम

आमचं वर्कशॉप सुरू झालं ते लेथ आणि कानशीच्या कामावर. बारीक स्क्रू, पिना, स्प्रिंगा बनवून द्यायच्या. पुढे शस्त्रदुरुस्तीचा परवाना मिळाला आणि जुनी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं येऊ लागली. तक्रार बहुतेकांची एकच : चाप ओढला की टक् असा आवाज होतो, पण गोळी सुटेलच असं नाही.

ग्राहक येतानाच सांगतो, "फायरिंग पिन बदलून टाका." म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी पिन. आम्ही आधी विचारतो, न उडालेलं काडतूस ठेवलंय का? त्याच्या प्रायमरवरचा, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीवरचा, पिनेचा ठसा भिंगाखाली पाहिला की निम्मं निदान तिथेच होतं. ठसा खोल आणि मध्यावर असेल, तर दोष बहुधा काडतुसात. उथळ असेल, तर ठोक्यात जोर नाही. ठसाच नसेल, तर पिन अडकली आहे किंवा तुटली आहे. आणि दुसऱ्या ठोक्याला तेच काडतूस उडत असेल, तर पहिल्या वेळी एकतर स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मिटली नव्हती, नाहीतर प्रायमर नीट बसलेला नव्हता आणि पहिला ठोका तो आत सरकवण्यातच गेला. मात्र गोळी न सुटल्यावर पिस्तूल लगेच उघडू नका, हे प्रत्येकाला बजावतो. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. कधी कधी काडतूस उशिरानेही पेटतं.

उथळ ठशामागे बऱ्याचदा साठवणीतलं जुनं ग्रीस असतं. वर्षानुवर्षं पडून ते पिनेच्या बिळात वाळून घट्ट होतं आणि पिनेचा वेग खातं. लोक त्यावर तेल ओततात. तेलाला काजळी चिकटते आणि दुखणं वाढतं. ते बीळ धुऊन जवळजवळ कोरडंच ठेवावं लागतं.

आमच्या कामाला खरं वळण लागलं ते ब्राउनिंगच्या 1900 मॉडेलमुळे. या 7.65 मिमी पिस्तुलात नळीच्या वर एकच स्प्रिंग असते. स्लाइड पुढे आणणं आणि एका लिव्हरमार्फत स्ट्रायकरला (स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन ठोका देणाऱ्या पिनेला) जोर देणं, ही दोन्ही कामं तीच करते. आमच्याकडे आलेल्या पिस्तुलाला दुसरीकडे नवा स्ट्रायकर बसवलेला होता, तरी ठोका कमजोरच. स्लाइडसुद्धा शेवटचा केसभर मिटायला कुरकुरत होती. दोन्ही लक्षणं एकाच थकलेल्या स्प्रिंगची! तिच्या तारेची जाडी मोजून, तशीच तार घेऊन आम्ही नवी वळली आणि पिस्तूल चालू लागलं. तेव्हापासून स्प्रिंगा वळणं हा आमचा मुख्य व्यवसाय झाला. अशा पिस्तुलांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे इतर कारागीरही आमच्याकडून करून घेतात.

जास्त कडक स्प्रिंग टाका, असा आग्रह होतो. तो आम्ही मानत नाही. ठोका प्रमाणाबाहेर गेला तर प्रायमर फुटून गॅस मागे येऊ शकतो, आणि शंभर वर्षांच्या पोलादाला विनाकारण ताण बसतो.

चेंबरचंही, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेचंही, तेवढंच बारकाईने पाहतो. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचा क्षार मागे राहतो, हवेतली ओल ओढतो आणि चेंबरला खड्डे पाडतो. मग काडतूस पूर्ण आत बसत नाही, स्लाइड मिटत नाही. हा क्षार तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघतो. म्हणून अशी काडतुसं झाडल्यावर आधी गरम पाणी, मग सुकवणं, मग तेल.

आता हाताखाली शिकणारी मुलं आहेत. त्यांना पहिले काही महिने फक्त ठसे वाचायला बसवतो. काढलेला मूळ भाग फेकायचा नाही, पाकिटात घालून पिस्तुलासोबत परत द्यायचा, हा नियम आजही आहे. स्लाइडला किंवा फ्रेमला तडा दिसला, तर कितीही आग्रह झाला तरी ते पिस्तूल आम्ही झाडण्याजोगं करून देत नाही. स्वच्छ करून, फक्त जपून ठेवण्यासाठी, असं लेखी देऊन परत करतो.