मित्र

रविवार, रात्रीचे साडेदहा

काल सकाळपासून एक शब्द डोक्यातून जात नाही, आणि तो शब्द इतका साधा आहे की त्याने झोप उडाली हे कोणाला सांगायलाही संकोच वाटतो. काल पहिल्यांदाच ह्याच्या नेहमीच्या सलूनमध्ये आत गेलो. नऊ वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. दर दुसऱ्या शनिवारी हा एकटाच जातो, दोन-अडीच तासांनी परतताना मानेला पावडरीचा आणि स्पिरिटचा वास घेऊन येतो, आणि त्या दिवशी ह्याचा आवाज घरात एरवीपेक्षा मोकळा लागतो. काल ह्याची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून न्यायला मी गेलो. पाऊस होता, गाडी लांब लावावी लागली, आणि गाडीत बसून कंटाळल्यावर मी उठून सरळ दार ढकलले.

हा हनुवटी छातीला टेकवून खुर्चीत बसला होता. गळ्याभोवती कागदाची पांढरी पट्टी, अंगावर काळे कापड, आणि म्हातारबुवा श्वास रोखून मानेवरची रेघ काढत होते. मशीनचे पाते उलटे धरून, डाव्या हाताचा अंगठा कातडीवर किंचित ताणून धरायचा आणि एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत ती रेघ न्यायची. माझ्या साताऱ्याच्या न्हाव्याने असे काम कधी केले नाही, कारण आमच्या केसांना ते लागतच नाही. रेघ संपली. म्हातारबुवांनी आरशातून माझ्याकडे पाहिले आणि ह्याला विचारले, हे कोण? मान न उचलता हा म्हणाला, ‘‘फ्रेंड आहे माझा.’’ मशीन क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

घडले ते एवढेच. पुढची चाळीस मिनिटे मी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून होतो. लोक घरपट्टीवर बोलत होते, फुटबॉलवर बोलत होते, एका लहान मुलाचे पहिल्यांदा केस कापले जात होते आणि तो रडत असताना चार अनोळखी माणसे त्याला धीर देत होती. मला मात्र एकच शब्द ऐकू येत होता. इथे मेरीलँडमध्ये, अप्पर मार्लबरोच्या कोर्टात लग्नाच्या कागदावर सही केली ती कोणी, घराच्या कर्जावर नाव कोणाचे, ह्याच्या आईच्या शस्त्रक्रियेच्या रात्री बाकावर बसून कोण राहिले, विम्याच्या कागदांवर ‘पती’ म्हणून कोण आहे, हे सगळे मी मनात एखाद्या वकिलासारखे मांडत बसलो. परत येताना गाडीत मी पावसाबद्दल बोललो. हाही पावसाबद्दलच बोलला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले की मी ज्या जागेत शिरलो ती जागा मला नीट कळलीच नव्हती. ह्याला तिथे पहिल्यांदा वडिलांनी नेले तेव्हा हा सात वर्षांचा होता. आज हा त्रेचाळीस वर्षांचा आहे. शहरात आणि ह्या उपनगरात ह्याच्यासारख्या कृष्णवर्णीय माणसाला डोळे मिटून, दुसऱ्या माणसाचे पाते मानेवर असताना निर्धास्त बसता येईल अशा जागा किती आहेत? दुकानात रखवालदार मागे चालत येतो, बँकेत दोनदा ओळखपत्र मागतात, आणि मागच्या आरशात पोलिसांची गाडी दिसली की ह्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर येतात आणि आमचे बोलणे थांबते. त्याबद्दल आज लिहीत नाही. सांगायचे ते इतकेच, की त्या खोलीत आठवड्याआड दोन तास ह्याच्याबद्दल कोणालाही काही प्रश्न पडत नाही. काल मी आत गेलो आणि प्रश्न होऊन बसलो.

तरीही दुखले, आणि ते खोटे होते असे मी लिहिणार नाही.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण आपल्याकडची माणसे हे वाचून लगेच म्हणतील की काळ्यांत समलिंगी माणसांचा तिटकारा फार असतो. हे वाक्य मी मराठी घरांत, बेसमेंटमधल्या जेवणावळींत अनेकदा ऐकले आहे, आणि ते म्हणणाऱ्याने स्वतःच्या घरात डोकावून पाहिलेले नसते. मेरीलँडने नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदान करून समलिंगी विवाह मान्य केला, तेव्हा ह्याच्या आईच्या चर्चमध्ये पास्टर विरोधात बोलले, हे खरे. त्याच वर्षी मे महिन्यात एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संस्थेने ह्या हक्काच्या बाजूने ठराव केला, हेही खरे, आणि ह्याच्या आईने कोणत्या बाजूने मत दिले हे तिने आजवर सांगितलेले नाही.

सलूनच्या भिंतीवर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या १९६३ च्या मोर्चाचे मोठे चित्र आहे. लिंकन स्मारकाच्या पायऱ्या, मार्टिन ल्यूथर किंग, आणि समोरच्या तलावाच्या दोन्ही काठांना पसरलेली अडीच लाख माणसे. ज्या माणसाने तो दिवस दोन महिन्यांच्या आत जुळवून आणला, तो बायर्ड रस्टिन त्या चित्रात नाही. किती बस येणार, किती शौचालये लागणार, पिण्याचे पाणी कुठे ठेवायचे, ऑगस्टच्या उन्हात मेयोनेज नासते म्हणून डब्यात काय आणू नये, इथपर्यंत त्याने विचार केला होता. गांधीजींची हत्या झाली त्याच वर्षी, १९४८ मध्ये, तो आपल्याकडे येऊन सत्याग्रहाची रीत शिकून गेला होता. आणि तो पुरुषांवर प्रेम करणारा होता हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडीनाला त्याच कारणाने त्याला तुरुंगात टाकले होते. १९६० मध्ये अमेरिकेच्या संसदेतल्या एका कृष्णवर्णीय नेत्यानेच किंग आणि रस्टिन यांच्याबद्दल खोटी कुजबूज पसरवण्याची धमकी दिली आणि रस्टिनला किंगपासून दूर व्हावे लागले. मोर्चाच्या वेळीही त्याचे नाव पुढे नको असे काहींचे म्हणणे पडले, म्हणून प्रमुख झाले ज्येष्ठ कामगार नेते फिलिप रँडॉल्फ आणि काम केले रस्टिनने. त्याच ऑगस्टमध्ये स्ट्रॉम थर्मंड या सिनेटरने सभागृहात त्या अटकेचा पाढा वाचला, तेव्हा मात्र रँडॉल्फ त्याच्या पाठीशी ठाम उभे राहिले.

हे मला आधीपासून माहीत होते. काल रात्री आठवत राहिले ते ह्याच्या पुढचे. रस्टिनला साठी उलटल्यावर वॉल्टर नेगल भेटला. लग्न शक्य नव्हते, आणि आपल्यामागे ह्याचे काय होईल, इस्पितळात ह्याला आत सोडतील का, ही काळजी होती. म्हणून १९८२ मध्ये रस्टिनने त्याला कायद्याने दत्तक घेतले. पाहणीसाठी सरकारी समाजसेविका घरी आली, आणि नेगलच्या आईला मुलावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली. त्या बाईने ती सही केली. ह्या वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. दत्तक हा शब्द आपल्याला किती ओळखीचा आहे: गादी, वाडा, वंश, होमहवन. इथे दोन प्रौढ माणसांनी एकमेकांजवळ राहता यावे म्हणून तो वापरला, आणि कागदावर त्यांचे नाते बाप-लेकाचे झाले. पाच वर्षांनी रस्टिन गेला. २०१३ मध्ये ओबामांनी त्याला मरणोत्तर राष्ट्रपतिपदक दिले, ते घ्यायला नेगल गेला. त्याला आपल्या आयुष्यभरासाठी एक चुकीचा शब्द स्वीकारावा लागला होता. मला तो फक्त चाळीस मिनिटांपुरता मिळाला.

एवढे लिहून थांबलो असतो तर स्वतःला दिलासा देऊन मोकळा झालो असतो. पण सलूनमधून निघताना एक गोष्ट घडली होती, तिचा अर्थ मला संध्याकाळपर्यंत लागला नव्हता. म्हातारबुवा कापड झटकत होते. हा पैसे काढायला वळला, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘‘ह्याच्या मामाचे केसही मीच कापायचो.’’ एवढे बोलून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

मामाचा एक फोटो आमच्या जिन्यात आहे. मे १९९१, हॉवर्ड विद्यापीठासमोरचे बॅनेकरचे मैदान, वॉशिंग्टनचा पहिला ब्लॅक प्राइड, म्हणजे कृष्णवर्णीय समलिंगी माणसांचा मेळावा. एड्सने आजारी असलेल्या आपल्याच माणसांसाठी पैसा उभा करायला लोक तिथे जमले होते. मामा पांढऱ्या सदऱ्यात आहे, खांद्यावर कोणाचा तरी हात आहे आणि त्या हाताचा माणूस चौकटीबाहेर राहिला आहे. दोन वर्षांनी मामा गेला. अंत्यविधीच्या पत्रिकेत ‘दीर्घ आजाराने’ असे छापले, नातेवाइकांची नावे ओळीने दिली, आणि अगदी शेवटी ‘एक निष्ठावान फ्रेंड’ असे लिहिले, नाव न देता. तो फ्रेंड चर्चमध्ये पाचव्या रांगेत बसला होता. संध्याकाळी मी ह्याला म्हातारबुवांचे वाक्य सांगितले, तेव्हा हा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की शेवटच्या चार महिन्यांत, लोक मामाच्या हातचे पाणीही घेत नव्हते तेव्हा, म्हातारबुवा पेटी घेऊन घरी यायचे आणि पलंगावर बसवून त्याची रेघ काढायचे. दार उघडायचा तो फ्रेंडच.

म्हणजे त्या सलूनमध्ये तो शब्द कोणत्या अर्थाने ऐकला गेला, हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक नव्हते. ह्याने तो त्याच अर्थाने उच्चारला होता का, हे मी अजून विचारलेले नाही. विचारण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्न आहे, आणि त्याचे कारण मराठीत आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका मराठी कार्यक्रमाला आम्ही दोघे गेलो होतो. वक्त्यांनी महात्मा फुल्यांची आठवण काढली, १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले हे सांगितले, आणि टाळ्या पडल्या. मला भरून आले. मी ते ह्याला कानात भाषांतर करून सांगितले. अर्ध्या तासाने जेवणाच्या रांगेत एका काकांनी माझे घर कुठे आहे ते विचारले, आणि काउंटीचे नाव ऐकून म्हणाले, ‘‘तिकडे काळे फार ना?’’ हा माझ्या शेजारी ताट धरून उभा होता. मी गप्प राहिलो. मग काकांनी ह्याच्याकडे पाहून विचारले, ‘‘आणि हे?’’ मी म्हणालो, ‘‘हे माझे मित्र.’’ ते आदरार्थी बहुवचन आठवले की आजही कानशिले तापतात.

साताऱ्यालाही तेच. सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे आम्ही गुन्हेगार उरलो नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने लग्न मात्र मानले नाही, आणि आमच्या घरात ह्या दोन्ही तारखांनी काही हलले नाही. हा आला की आई बेसनाचे लाडू करते, अंघोळीचे पाणी आधी ह्याला काढते, आणि शेजारणीला सांगते की अमेरिकेहून मुलाचा मित्र आला आहे. मागच्या वेळी माझ्या सहा वर्षांच्या भाचीने ह्याच्यापुढे उभे राहून विचारले, ‘‘तू कोण आहेस?’’ ह्याला तेवढे मराठी कळते. आपल्याबद्दल जो शब्द सगळ्यांच्या तोंडून ऐकला होता, तोच आपला शब्द असे समजून ह्याने छातीवर हात ठेवला आणि स्पष्ट उच्चारात सांगितले, ‘‘मी मित्र.’’ सगळे कौतुकाने हसले. मीही हसलो. तो शब्द मीच ह्याला शिकवला होता.

कालचे दुखणे त्या हसण्याशेजारी ठेवून पाहिल्यावर त्याचा आकार बराच लहान झाला. ते गेले नाही. पण आता ते माझ्या एकट्याचे उरले नाही, आणि ह्याने इतकी वर्षे आपले दुखणे कधी बोलून दाखवले नाही ह्याची लाज त्याच्याशेजारी येऊन बसली आहे.

आज सकाळी नेहमीप्रमाणे आईचा फोन. तिच्याकडे दिवेलागण झाली होती, मागे कुकरची शिट्टी. गुडघा, गॅस सिलिंडर, भाचीचे गणित, आणि शेवटी नेहमीचे वाक्य, ‘‘तुझा मित्र बरा आहे ना रे?’’

मी म्हणालो, ‘‘आई, मित्र म्हणत जाऊ नकोस.’’

‘‘मग काय म्हणू?’’

तिने ते चिडून विचारले नव्हते, म्हणून मला उत्तर द्यावे लागणार होते, आणि माझ्याजवळ ते नव्हते. नवरा हा शब्द इंग्रजीत मी रोज वापरतो. मराठीत, आईच्या कानात, तो माझ्या तोंडून निघाला नाही. जोडीदार म्हटले असते तर ते वर्तमानपत्रातल्यासारखे वाटले असते. जावई म्हणायला तिला सांगणे म्हणजे शेजारपाजाऱ्यांना तोंड देण्याचे काम तिच्यावर टाकून इथे सुखाने बसणे. मी ह्या वहीत ‘हा’ लिहितो, कारण ती आयुष्यभर बाबांना ‘हे’ म्हणत आली. बाबांना इस्पितळात भरती केले तेव्हा खिडकीतल्या बाईने रुग्णाचे नाव विचारले, तर ती माझ्याकडे वळून म्हणाली होती, तू सांग.

‘‘बरं,’’ ती म्हणाली, ‘‘मग मी नावच घेत जाईन.’’

आणि तिने ह्याचे नाव घेतले. पहिल्यांदा मधला रफार सुटला, दुसऱ्यांदा शेवटचे अक्षर. फोन स्पीकरवर होता. हा स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. नळ बंद झाल्याचे ऐकू आले. तिसऱ्यांदा तिने सावकाश, अक्षर अक्षर जोडून, अगदी नीट म्हटले, आणि हा फडक्याला हात पुसत दारात येऊन उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, ‘‘येस, मॅम.’’