पाच मिनिटांचं काम

इचलकरंजीतल्या आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर तीन ऑफिसं आहेत आणि तिन्ही एकाच धंद्यातली. जिन्यासमोर अण्णा, सेल्सटॅक्सच्या जमान्यापासूनचे. मधे मी. टोकाला दोन वर्षांपूर्वी आलेल्या सीए मॅडम. मी जीडीसी अँड ए हा सहकार आणि हिशेबाचा डिप्लोमा करून या कामात पडलो, पण यंत्रमागवाल्यांच्या लेखी इन्कमटॅक्सचं काम करणारा प्रत्येक माणूस ‘वकीलसाहेब’च. मी वकील नाही हे सांगून सांगून थकलो. आता हाक आली की ओ देतो.

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. रिटर्नची शेवटची तारीख. खरं तर ३१ जुलै असते, पण त्या वर्षी फॉर्म बदलल्यामुळं मे महिन्यातच ती दीड महिना पुढं ढकलली होती. त्याचं लोकांना कौतुक. आम्हाला नाही, कारण धंदेवाल्यांचा आयटीआर-३ फॉर्म भरायची युटिलिटी आमच्या हातात पडली तीच ११ जुलैला. वर १५ सप्टेंबर ही ॲडव्हान्स टॅक्सच्या दुसऱ्या हप्त्याचीही तारीख. म्हणजे एका दिवसात दोन लग्नं आणि वाढपी तेवढेच.

पितृपंधरवडा चालू होता. सकाळी कुलूप काढता काढता अण्णा म्हणाले, “पितरांना पंधरवडा मिळतो, त्यात ती उरकून घेतात. करदात्याला साडेपाच महिने मिळतात, तरी नैवेद्याला शेवटच्याच दिवशी येतो.”

अण्णांनी दारावर एक कागद चिकटवला होता: ‘तारीख वाढणार का, असे विचारल्यास शंभर रुपये.’ त्याला कारण होतं. तारीख ३० सप्टेंबर झाल्याचं एक खोटं पत्रक सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होतं. आदल्याच दिवशी, रविवारी, खात्यानं ते खोटं असल्याचं जाहीर केलं, पण खोट्या पत्रकाला जेवढे पाय असतात तेवढे खुलाशाला नसतात. दुपारपर्यंत अण्णांचे हिशेबानं सातशे रुपये झाले होते. एकानंही दिले नाहीत.

अशा दिवशी आम्ही तिघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहत नाही. दारं उघडी असतात आणि व्हरांड्यातून आरोळ्या चालतात.

“एआयएस उघडतंय का हो तुमच्याकडं?”

“इनकॉग्निटोत उघडा, तिथं चाललंय!”

“ओटीपी कुणाचे येताहेत?”

“एअरटेलचे येताहेत, बाकीच्यांचे पायी निघालेत!”

मॅडमचा नियम असा की ओटीपी देणारा माणूस समोर बसवल्याशिवाय रिटर्न तयार झालं असं म्हणायचंच नाही. रिटर्न भरल्यावर व्हेरिफिकेशनला तीस दिवस असतात, पण ते राहिलं आणि मुदत टळली की रिटर्न उशिराचं धरलं जातं. अण्णांचा नियम त्याहून जुना: एआयएस, म्हणजे खात्याकडं असलेली माणसाच्या व्यवहारांची यादी, बघितल्याशिवाय फी सांगायची नाही. त्या दिवशी मी तो मोडला.

साडेचारला एक सूत गिरणीतला जॉबर आला. त्याच्या मेहुण्याला कुणीतरी पन्नास हजारांचा रिफंड ‘बसवून’ दिला होता, मग मी का देत नाही? मेहुण्याच्या रिटर्नमध्ये राजकीय पक्षाला दिलेली देणगी होती. अण्णा मधेच आत आले. “कुठल्या पक्षाला दिली रे मेहुण्यानं?” तो गप्प. “मतदान तरी केलतं का?” तेही माहीत नाही. १४ जुलैला देशभरात दीडशे ठिकाणी छापे पडले ते अशाच खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांवर, हे मी त्याला सांगितलं. तो जाता जाता म्हणाला, “मग माझं साधंच भरा. पण थोडं बसवा.”

साडेसातला गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, वय चौसष्ट, माझ्याकडं तिसरं वर्ष. पिशवीत पेन्शनचा दाखला, ठेवीच्या व्याजाचं सर्टिफिकेट आणि गेल्या वर्षीची पोचपावती, सगळं टाचणीनं लावलेलं. “गर्दी दिसतीय तुमच्याकडं. माझं काय, पाच मिनिटांचं काम आहे.” मीही म्हणालो, “बसा गुरुजी, आत्ता करतो. फी गेल्या वर्षीचीच.”

पेन्शन ४,६२,००० आणि ठेवींचं व्याज ६८,०००. बँकेनं त्यावर ६,८०० कापलेले. नव्या करपद्धतीत पेन्शनवरची ठरलेली ७५,००० ची वजावट केली की कर शून्य, आणि ६,८०० परत. खरंच पाच मिनिटांचं. फक्त एआयएसचा कागद बघायचा राहिला होता. पॅन लहान लिपीत, पुढं जन्मतारीख टाकून फाईल उघडली. व्याज बरोबर होतं. त्याखाली शेअर विक्रीच्या अकरा नोंदी.

“गुरुजी, शेअर घेता-विकता का तुम्ही?”

“मी? अहो, आयुष्यात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही.”

दुसऱ्याची नोंद चुकून येते कधी कधी. तिथं हरकत नोंदवायची सोय असते. पण डीमॅट खातं गुरुजींच्याच पॅनवर होतं. मी पासबुक मागितलं. शेवटची छापलेली ओळ एप्रिल २०२४ ची. “बँकेचं सगळं मोबाईलवर पोरगाच बघतो,” गुरुजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज खाली गेला. माणूस चाळीस वर्षं वर्गात उभा राहिला की मागच्या बाकावर काय चाललंय ते न वळता कळतं.

पोरगा खाली मोटारसायकलवर बसला होता. वर बोलावला. तिशीचा, उमदा, एका माग कारखान्यात हिशेब बघणारा. अकरा नोंदी दाखवल्यावर म्हणाला, “ते किरकोळ हाय, सर. त्यात चार हजार सुटलेत.” मग मोबाईलकडं बघत, “दुसरं जरा जास्त हाय.”

दुसरं म्हणजे एफ अँड ओ, फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे; शेअरच्या पुढच्या भावावर लावलेली पैजच. ते कागदावर नव्हतंच. ब्रोकरच्या ॲपवरून त्यानं वर्षाचा रिपोर्ट काढून दिला. प्रत्येक सौद्याचा नफा आणि तोटा, उणे चिन्ह न धरता, बेरीज केली की उलाढाल मिळते. ती आली ४१ लाखांवर. आणि निव्वळ तोटा ३,८४,१००. सगळा पैसा गुरुजींच्या बचत खात्यातून गेलेला. वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी ठेवलेला पैसा.

गुरुजी काही बोलले नाहीत. पिशवीतली टाचणी काढली आणि परत लावली.

मी व्हरांड्यात गेलो. नऊ वाजत आले होते. माझा आवाज ऐकून अण्णा आणि मॅडम दोघंही बाहेर आले. सगळं ऐकून अण्णा म्हणाले, “पहिलं सांग, पैसा कुणाचा?”

“गुरुजींचा.”

“खातं?”

“त्यांचंच.”

“मग धंदा गुरुजींचा. बोटं तेवढी पोराची. आणि तोटा म्हटल्यावर ऑडिट आलं, म्हणजे आजची तारीख तुला लागूच नाही. चहा घे.”

मॅडम मानेनंच नाही म्हणाल्या. “अण्णा, हे जुनं झालं. उलाढाल दहा कोटींच्या आत, सगळा व्यवहार बँकेतून. ४४एडीची ठोक नफा दाखवायची सवलत त्यांनी कधी घेतलीच नाही, मग ती सोडल्याचा दंडक कुठून लागणार? ऑडिट नाही. तारीख आजचीच. बारानंतर भरलं तर तोटा पुढं नेता येणार नाही.”

अण्णांनी क्षणभर विचार केला. “पोरगी बरोबर बोलतीय,” म्हणाले आणि आत जाऊन स्वतःच्या दोन क्लायंटना ‘उद्या या, हजार रुपये दंड मी भरतो’ असं सांगून वाटेला लावलं. मग माझ्या ऑफिसात येऊन बसले, बँकेचं स्टेटमेंट आणि ब्रोकरचं लेजर ओळीला ओळ लावायला. वाद हरला की माणूस कसा वागतो त्यावरून मी त्याची किंमत करतो.

पगार-पेन्शनवाल्यांचा आयटीआर-१ बंद केला, आयटीआर-३ उघडला. त्या वर्षी एफ अँड ओला धंद्याचा स्वतंत्र कोड आला होता, तो निवडला. निवृत्त शिक्षकाच्या नावापुढं तो व्यवसाय टाइप करताना माझीच बोटं अडखळली. हा तोटा पेन्शनमधून वजा होत नाही, कारण पेन्शन पगारात धरतात. व्याजातून होतो. ६८,००० व्याज गेलं, शेअरमधले सुटलेले ४,१०० गेले, उरले ३,१२,०००. ते आठ वर्षं पुढं नेता येतात, पण पुढं फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वजा करता येतात.

सही करण्याआधी हे सगळं गुरुजींना समजावून सांगणं भाग होतं. पोरगा म्हणत होता, “सर, ते नका दाखवू. साधंच भरा.” मी म्हणालो, रिटर्न तुझ्या वडिलांचं आहे, विचारायचं त्यांना. गुरुजींनी शांतपणे ऐकलं. पहिला प्रश्न विचारला तो असा:

“म्हणजे रिफंड किती?”

“सहा हजार आठशेच. त्यात काही फरक नाही.”

“आणि हे तीन लाख बारा हजार परत मिळवायचे तर?”

“तर एफ अँड ओमध्ये तेवढा नफा करावा लागेल.”

इतका वेळ गंभीर असलेले अण्णा खोकल्याच्या निमित्तानं बाहेर गेले. मॅडम दारातूनच म्हणाल्या, “गुरुजी, त्या नादाला लागू नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनंच सांगितलंय, शंभरातले त्र्याण्णव त्यात हरतात.”

“वर्गाचा निकाल सात टक्के,” गुरुजी म्हणाले. “असा वर्ग आमच्या शाळेत असता तर साहेबांनी नोटीस काढली असती.” आणि मग, पोराकडं न बघता, “जे झालंय ते लिहा.”

सव्वाअकरा. सबमिट दाबलं, चाक फिरायला लागलं. फिरतंच राहिलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा फाईल, पुन्हा चाक. अण्णा म्हणाले, मागाचा धोटा तरी पलीकडं जाऊन परत येतो. चौथ्या खेपेला गेलं. आधार ओटीपी मागितला. गुरुजींनी आपला बटणांचा फोन टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसून त्याच्याकडं बघत बसले. मिनिट गेलं. वाजला तो फोन पोराच्या खिशात. आधारला नंबर त्याचा जोडलेला होता. डीमॅट खातं उघडताना ओटीपी कुठं गेला असेल, हे कुणी विचारलं नाही. पोरानं सहा आकडे एक एक करून वाचले. शेवटचा वाचताना घशात काहीतरी अडकलं त्याच्या.

पोचपावती छापली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. गुरुजींनी फी विचारली. मी गेल्या वर्षीचीच सांगितली. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की तो नियम मला आता जन्मभर पुरेल.

ते दोघं जिना उतरले आणि आम्ही थर्मासमधला कडवट झालेला चहा तीन कपात ओतला. बाराला दहा-बारा मिनिटं असतील. मॅडमनी मोबाईल बघितला आणि काही न बोलता आमच्यासमोर धरला. मुदत एक दिवसानं वाढली होती. १६ सप्टेंबर. वर रात्री बारापासून अडीचपर्यंत पोर्टल देखभालीसाठी बंद.

अण्णा उठले, दारावरचा कागद काढला, पेननं ‘वाढणार का’ खोडून ‘वाढली का’ केलं आणि परत चिकटवला.

दुसऱ्या दिवशी गर्दी आदल्या दिवसाइतकीच. त्यात साडेअकराच्या सुमाराला गुरुजी, एकटे, रांगेत उभे. मला वाटलं पोरानं आणखी काही सांगितलं असणार. त्यांनी पिशवीतून एक पावती काढली. सकाळी पहिल्या नंबरला आधार केंद्रात जाऊन मोबाईल नंबर बदलायला दिला होता. बँकेतही अर्ज दिला होता.

“इन्कमटॅक्सच्या पोर्टलवरपण माझाच नंबर लावा. काय येईल ते मला येऊ दे.”

लावून दिला. पावती परत देऊ लागलो तर त्यांनी घेतली नाही.

“पन्नास रुपये घेतले त्यांनी,” गुरुजी म्हणाले. “पुढच्या वर्षी हे त्या धंद्याच्या खर्चात धरता येतील का बघा.”