चौदा मिनिटांचा दिवस

बुधवार, रात्री

हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घ्यायचा की नाही, हे दिवाळीपासून मनात घोळतंय. आज ठरवलं की सगळं एकदा लिहून काढायचं, म्हणजे घोडं नेमकं कुठे अडलंय ते तरी दिसेल.

हवाय का? हो, मला हवाय. लेकीचं नाव पुढे करून घ्यायचा नाहीये. मला गेम खेळायला आवडतं, शाळेत होते तेव्हापासून आवडतं, आणि चाळिशी आली म्हणून ती आवड गेलेली नाही. गेल्या दोनेक वर्षांत मात्र खेळणं जवळजवळ थांबलंय आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थांबलंय ते जागेपायी. आमचं ठाण्यात चरईतलं घर दोन खोल्यांचं. पीसी आतल्या खोलीत, आणि यंदा लेकीचं दहावीचं वर्ष, त्यामुळे जेवणं झाली की ती खोली तिची. हॉलमधला टीव्ही संध्याकाळभर सासूबाईंच्या मालिकांचा, आणि तो त्यांचा हक्कच आहे, दिवसभर त्या घरात एकट्या असतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर आपलं काही टाकायला परवानगी नाही. स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, २०१५च्या अखेरीला रुपयांत किमती दिसायला लागल्या, तेव्हापासून दर सेलला थोडे थोडे करून घेतलेले गेम खात्यात पडून आहेत. विकत घेतलेत, आवडीने निवडलेत, आणि उघडायला जागा नाही.

फोन आहे की, असं नवरा म्हणाला. फोनवर खेळून पाहिलं मी. गेम चालतो, प्रश्न तो नाही. त्याच काचेवर ऑफिसचे मेसेज येतात, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा येते, शाळेची सूचना येते. बोट गेमवर असतं आणि डोकं त्या वरच्या पट्टीकडे. मला अशी वस्तू हवी आहे जिच्यावर मला कुणी शोधत येणार नाही.

शुक्रवार

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत नुसती माहिती वाचतेय.

ज्या माणसामुळे हे हातात मावणारे गेम घराघरांत गेले, तो निन्टेन्डो या जपानी कंपनीचा गुनपेई योकोई. त्याची गोष्ट नेहमी सांगतात : बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरच्या बटणांशी चाळा करत बसलेला त्याला दिसला आणि त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' आला. पुढे १९८९मध्ये गेम बॉय. त्याचा पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून उजेड नाही. त्याच सुमारास अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर आले. दोघांचे पडदे रंगीत, उजळ. पण त्यांना सहा-सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले. योकोईचं म्हणणं असायचं की जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्र घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा.

हे वाचलं आणि माझा प्रश्न एकदम सुटसुटीत झाला. गेले दोन महिने मी पडद्याचं रिझोल्यूशन, सेकंदाला किती फ्रेम, कुठली चिप, हेच तपासत होते. ते सगळं टेबलावर निवांत बसणाऱ्याचे हिशेब आहेत. माझा मोकळा वेळ तुकड्यातुकड्यांत येतो. कुकर लावल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत. लेकीला क्लासहून आणायला गेल्यावर खाली उभं राहायचं तेवढा. सासूबाईंची बीपीची गोळी दिल्यानंतर नवरा यायच्या आधीचा. या तुकड्यांत जे यंत्र लगेच उठतं आणि लगेच झोपतं, ते माझं.

माझा सगळ्यात आवडता खेळ स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून केला आणि २०१६मध्ये आला. चित्रं, संगीत, लिखाण, सगळं त्याचं. आजोबांनी ठेवलेली पडीक शेती कसायची, गावातल्या माणसांशी ओळखी करायच्या, पावसात मासे धरायचे. त्यातला एक दिवस खऱ्या घड्याळाने साधारण चौदा मिनिटांचा. सकाळी सहाला उठायचं, रात्री दोनच्या आत अंथरुणात. पीसीवर तो सेव्ह होतो फक्त झोपल्यावर. म्हणजे दुपारी तीनला बेल वाजली आणि उठावं लागलं, तर पेरलेलं, शिंपलेलं, धरलेलं सगळं पाण्यात. ठाण्याहून घणसोलीला लोकलने मला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच हा दिवस, आणि घरात एवढी सलग मिनिटं मिळणं म्हणजे चैन.

आता पर्याय. निन्टेन्डोचा स्विच २ जून २०२५मध्ये आला. सुंदर वस्तू आहे, पण निन्टेन्डो इथे अधिकृतपणे विकत नाही. जो मिळतो तो बाहेरून आणलेला, दुकानदार सांगेल तो भाव. शिवाय माझे स्टीमवरचे गेम त्यावर चालणार नाहीत, सगळे पुन्हा विकत घ्यावे लागतील. एक गोष्ट यात मला फार लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' केला. देवांनी निवडलेली एक मुलगी, धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली, राजस्थानी वळणाचे महाल आणि किल्ले. तो गेम ऑगस्ट २०२०मध्ये सगळ्यात आधी आला तो स्विचवर. पुण्यात बनलेली वस्तू खेळायला आधी मिळाली ती अशा यंत्रावर, जे पुण्याच्या दुकानात अधिकृतपणे मिळतच नाही.

दुसरा आसुसचा आरओजी अ‍ॅलाय. २०२३मध्ये भारतात आला तेव्हा ६९,९९० रुपयांना होता. इथली वॉरंटी, इथलं सर्व्हिस सेंटर, ही त्याची खरी जमेची बाजू. नवीन, एक्सबॉक्सच्या नावाचे अ‍ॅलाय ऑक्टोबर २०२५मध्ये आले, त्यातला वरचा तर लाखाच्या पुढे. ते माझ्या हिशेबातच नाही. अ‍ॅलायवर विंडोज असतं, आणि विंडोजचं झोपणं-उठणं कसं बेभरवशाचं असतं, ते लॅपटॉप वापरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. लेनोवोचा लीजन गो तर बाजूच्या दांड्यांसकट साडेआठशे ग्रॅमचा. माझी मनगटं ते पेलणार नाहीत.

तिसरा स्टीम डेक, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचाच, म्हणजे माझे खात्यातले गेम त्यावर उघडतात. तोही इथे अधिकृतपणे मिळत नाही. पण ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे आहे, ओलेड पडद्याचा, अमेरिकेहून आणलेला. घरी बाळ आल्यापासून तो ड्रॉवरमध्येच आहे आणि त्याला तो विकायचाय. बेचाळीस हजार म्हणतोय. आज त्याने आपणहून सांगितलं, "शनिवार-रविवार घेऊन जा ताई, वापरून बघा, मग बोलू."

रविवार, दुपारी

काल सकाळपासून तो घरात आहे. जे पाहिलं ते लिहून ठेवते, नंतर मोहात पडल्यावर नीट आठवणार नाही.

वजन ६४० ग्रॅम. आकड्यावरून भीती वाटली होती, पण मागच्या बाजूला बोटं बसायला उतार आहे, त्यामुळे भार पंज्यांवर पसरतो. उभ्याने खेळलं तर दहा-पंधरा मिनिटांत मनगट बोलायला लागतं. पलंगावर उशी मांडीवर घेऊन कोपरं टेकवली की वजन जाणवतसुद्धा नाही. पंख्याचा आवाज शेतीच्या खेळात जवळजवळ नाही. मोठा त्रिमितीय गेम लावला तेव्हा घूं घूं सुरू झाली आणि वरच्या कडेच्या फटीतून गरम हवा यायला लागली, हाताला लागत नाही एवढंच बरं.

बॅटरी ५० वॉट-तासांची. एका बटणावर कोपऱ्यात आकडे उघडतात, या क्षणी किती वॉट खर्च होताहेत ते दिसतं. शेतीत सात-आठच्या आसपास राहिला, म्हणजे भागाकार करून सहा तासांच्या वर. मोठ्या गेममध्ये वीस ओलांडले, तिथे दोन तास मिळाले तर नशीब. मी जे खेळते ते बहुतेक पहिल्या जातीचं. योकोईचं गणित अजून तसंच लागू पडतंय.

डोळ्यांची परीक्षाही महत्त्वाची होती. सव्वासात-साडेसात इंचांच्या पडद्यावर पीसीसाठी लिहिलेली अक्षरं बारीक होतात आणि मला आता जवळचा चष्मा लागतो. व्हॉल्व्ह ज्या गेमना या यंत्रासाठी पूर्ण योग्य असा हिरवा शिक्का देते, त्यात अक्षरं वाचता येतात की नाही हेही तपासलेलं असतं. माझ्या यादीतल्या बऱ्याच गेमना तो शिक्का आहे. एका जुन्या गेममधली दुकानाची यादी मात्र वाचता येईना. तिथे दोन बटणं एकत्र दाबली की पडद्यावर भिंग उघडतं. काम भागतं, पण तासभर तसं खेळणार नाही मी.

आणि यंत्राची झोप. काल संध्याकाळी शेतात होते, खेळातली दुपार झालेली, हातात कुदळ, एक वाफा अर्धा खणलेला. आतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, जरा गॅस बघ गं." मी वरचं बटण दाबलं, पडदा काळा झाला. मग स्वयंपाक, जेवणं, ओटा, लेकीचं इतिहासाचं पाठांतर ऐकणं, आणि त्यात तो तसाच उशीखाली राहिला. आज सकाळी चहा ठेवून बटण दाबलं. दोन-तीन सेकंदांत तीच दुपार, तोच वाफा, कुदळ तशीच हातात. बॅटरी थोडीच उतरलेली. मी उरलेला वाफा खणला, पाणी घातलं, घरी जाऊन झोपले, आणि तो दिवस सेव्ह झाला. चहा उतू गेला नाही.

मला किती आनंद झाला! एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी एक दिवस पुरा खेळले.

रविवार, रात्री

तलावपाळीला नवऱ्याबरोबर चक्कर मारली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, तेव्हा तेही बोलून घेतलं. जूनमध्ये अकरावीचा प्रवेश आहे, फी आहे, पुस्तकं आहेत, त्याला धक्का लागता कामा नये. माझी एक आरडी पुढच्या महिन्यात पूर्ण होतेय, ती ऑफिसला लागले तेव्हापासून मी स्वतःसाठी म्हणून दर वेळी नव्याने उघडत आलेय. मागच्या दोन फ्रिज आणि वॉशिंग मशीनमध्ये गेल्या. हिच्यातून हे घ्यायचं, असं मी म्हटलं.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या ट्रेकच्या बुटांना, सॅकला तू कधी का विचारलंस? तुझं तू ठरव ना." मी म्हटलं, "अरे, पण बिघडला तर इथे दुरुस्त करणारं अधिकृत कुणी नाही." व्हॉल्व्हचे सुटे भाग आयफिक्सिट ही कंपनी विकते, पण ती सोय मोजक्या देशांपुरती. अंगठ्याच्या दांड्या झिजतात, त्या कधीतरी बदलाव्या लागणार, आणि तेव्हा बाहेरून भाग मागवून एखाद्या जाणत्या कारागिराला शोधावं लागेल. ही जोखीम खरी आहे. सत्तर हजार देऊन वॉरंटी घ्यायची की बेचाळीस हजारांत जोखीम घ्यायची, यावर आम्ही गडकरी रंगायतनपर्यंत बोलत आलो. शेवटी मला असं वाटलं की ज्या कारणासाठी घेतेय ते कारण, म्हणजे ती बिनघोर झोप, ज्या यंत्रात मी स्वतः पाहिली तेच घ्यावं. पैसे देण्याआधी दोन्ही दांड्या, सगळी बटणं आणि चार्जिंगचं तोंड त्याच्या समोर तपासायचं.

आणि लेक. ती दहावीचा अभ्यास करत असताना आई बाजूला गेम खेळतेय, हे बरोबर दिसेल का, हा विचार मला सगळ्यात जास्त छळत होता. तिलाच विचारलं. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "आई, तू खेळ. आवाज बंद ठेव आणि परीक्षा झाली की महिनाभर मला दे." मला हे पटलं. ती अभ्यास करते तेव्हा मी शेजारी बसून फोनवर मेसेज चाळत असते, त्यापेक्षा हे तिच्यासाठीही बरं आहे. गणिताला मात्र यंत्र बाजूला, तेव्हा मी तिच्याजवळ पूर्ण असेन, हेही मी तिला सांगितलं.

सकाळच्या लोकलमध्ये काढणार नाही. दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरची ती गर्दी, चौथ्या सीटवर अर्धं टेकलेलं अंग, तिथे एवढी महाग वस्तू हातात धरण्यात अर्थ नाही. परतताना खिडकी मिळाली तर बघू.

सोमवार

सहकाऱ्याला कळवलं, घेतेय. आरडीचे पैसे खात्यात आले की देते म्हटलं, तर म्हणाला, "तोवर तुमच्याकडेच राहू दे, ताई." तरी मी आज परत नेऊन दिला. दुसऱ्याची वस्तू पैसे न देता वापरायला मला आवडत नाही.

जागा ५१२ जीबी आहे, माझ्या लहान गेमना पुरेल, त्यामुळे मेमरी कार्डाचा खर्च आत्ता नाही. पडद्यावर काच चिकटवून घ्यायची, गोखले रोडवरचा नेहमीचा मोबाइलवाला करून देईल का ते विचारायचं. आणि यंत्र घरी आलं की पहिल्यांदा राजी उतरवून घ्यायचा. स्टीमवर आला तेव्हा हौसेने घेतला होता, पहिल्या महालाच्या पुढे अजून गेलेले नाही.