तुम्ही विचारलंत म्हणून: हात तर हेडसेटच ओळखतो, मग तुम्ही काय करता?

मी व्हीआर हेडसेटसाठी, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या उपकरणासाठी, गेम बनवते. त्यात कंट्रोलर, म्हणजे हातात धरायची बटणांची साधनं, नाहीत, खेळणाऱ्याने आपले मोकळे हातच वापरायचे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न बहुधा हाच येतो: हात ओळखण्याचं काम हेडसेटच करतो, मग तुमच्याकडे उरतं काय? विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. हात ओळखण्याचं तंत्र खरोखरच तयार मिळतं. पण हात दिसणं आणि त्या हाताला काय करायचंय ते समजणं यांत बरंच अंतर आहे, आणि माझा जवळजवळ सगळा वेळ त्या अंतरात जातो.

आधी तयार काय मिळतं ते सांगते. हेडसेटच्या बाहेरच्या बाजूला कॅमेरे असतात. खोलीत आपलं डोकं कुठे आहे हे ज्यांच्यावरून ठरतं, अनेक हेडसेटमध्ये तेच कॅमेरे हातही पाहतात. हातांच्या असंख्य चित्रांवर शिकवलेलं संगणकी मॉडेल त्या दृश्यातून सांध्यांच्या जागा काढतं. व्हीआर उपकरणांसाठीच्या ओपनएक्सआर या सामाईक मानकात एका हाताचे २६ बिंदू धरलेत: तळहाताचा एक, मनगटाचा एक, अंगठ्याचे चार आणि बाकीच्या प्रत्येक बोटाचे पाच. कोणता बिंदू कुठे आहे आणि कोणत्या दिशेला वळलाय, ही माहिती माझ्या प्रोग्रामला सतत मिळत राहते. २०१३ साली लीप मोशन कंपनीचं हात ओळखणारं, टेबलावर ठेवायचं छोटं उपकरण बाजारात आलं, तेव्हा ते संगणकाला जोडावं लागे. डिसेंबर २०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट या हेडसेटवर हात ओळखण्याची सोय प्रायोगिक म्हणून आली, ती हेडसेटच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणारी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ॲपल व्हिजन प्रो या हेडसेटच्या खोक्यात तर कंट्रोलरच नव्हते. नजर आणि बोटांची चिमूट, यांवरच बहुतेक सगळा कारभार.

आता माझं काम. कंट्रोलरचं बटण एकतर दाबलेलं असतं किंवा नसतं. खेळणाऱ्याला "आत्ता" म्हणायचं असतं तेव्हा तो बटण दाबतो, आणि गेमला शंका उरत नाही. मोकळा हात मात्र कधीच गप्प बसत नाही. खेळणारा मध्येच नाक खाजवतो, हेडसेटचा पट्टा सारखा करतो, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना हातवारे करतो. या सगळ्या वेळी ते २६ बिंदू तितक्याच इमानाने माझ्याकडे येत असतात. त्यातली कोणती हालचाल खेळातली आणि कोणती खेळाबाहेरची, हे हेडसेट सांगत नाही.

सगळ्यात साधी गोष्ट घ्या, चिमूट. अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक यांतलं अंतर ठरावीक मापापेक्षा कमी झालं की चिमूट झाली, असं म्हणता येईल. पण एकच माप ठेवलं तर बोटं नेमकी त्या सीमेवर असताना वस्तू क्षणात पकडली जाते, क्षणात सुटते. म्हणून दोन मापं ठेवावी लागतात: पकडायला बोटं पुरती जवळ यायला हवीत, सोडायला त्याहून बरीच लांब जायला हवीत. आणि ही मापं मिलिमीटरमध्ये पक्की करून चालत नाही. मोठ्या हाताची सैल चिमूट लहान हाताच्या उघड्या बोटांइतकी रुंद असू शकते. म्हणून खेळाच्या सुरुवातीला मी प्रत्येकाला हात पूर्ण उघडायला आणि मिटायला लावते, आणि पुढची सगळी मापं त्या हाताच्या मानाने ठरवते. ज्यांची बोटं पूर्ण वळत नाहीत किंवा ज्यांचा हात थरथरतो त्यांना खेळता यावं, याचाही हाच मार्ग आहे. माझ्या दृष्टीने ही जादा दिलेली सोय नाही. हातांवर चालणाऱ्या गेमने हातांमधले फरक गृहीत धरलेच पाहिजेत.

माझा गेम सावल्यांचा आहे. खेळणाऱ्याच्या छातीजवळ एक दिवा, समोर भिंत, आणि मध्ये त्याचे हात. बोटांच्या रचनेतून भिंतीवर प्राणी उमटतो आणि मग जिवंत होतो. हा विषय मी आवडीने निवडला, पण विचार करूनही निवडला. मोकळ्या हातांच्या खेळात वजन नसतं, स्पर्श नसतो. दगड उचलायला सांगितला की मेंदूला लगेच काहीतरी कमी असल्याचं जाणवतं, कारण बोटांवर काहीच भार येत नाही. सावलीला मुळातच वजन नाही. तिच्या बाबतीत खेळणाऱ्याला कशाची उणीव भासत नाही. मोकळ्या हातांचा गेम आखताना मला हाच विचार सगळ्यात मोलाचा वाटतो: तंत्रात जे नाही, ते मागणारी गोष्ट निवडूच नये.

सावलीने एक अडचण मात्र मोठी करून ठेवली, शब्दशः. दिव्यापासून हात ३० सेंटिमीटरवर आणि भिंत ३ मीटरवर असेल, तर हाताच्या बिंदूंमधली एक मिलिमीटरची थरथर भिंतीवर एक सेंटिमीटरची होते. हात अगदी स्थिर धरला तरी मॉडेलचा अंदाज प्रत्येक फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, किंचित हलतो, आणि हरणाचं शिंग थंडीने कापल्यासारखं दिसतं. थरथर काढायला आकडे गुळगुळीत करावेत तर सावली हातामागून रेंगाळत येते, आणि तेही लगेच खटकतं. सेकंदाला ७२ चित्रं दाखवणाऱ्या हेडसेटवर एका चित्राला सुमारे १४ मिलिसेकंद मिळतात. उशीर वाढत गेला की हात आपला वाटेनासा होतो. यावर २०१२ साली मांडलेला वन युरो फिल्टर, म्हणजे आकड्यांतली थरथर गाळण्याची एक रीत, फार कामी येतो. हात हळू हलत असेल तर तो जास्त गुळगुळीत करतो, कारण तेव्हा थरथर दिसते पण उशीर कळत नाही. हात जोरात हलला की फिल्टर सैल पडतो, कारण तेव्हा उशीर कळतो पण थरथर दिसत नाही. फिल्टर लिहायला दहा-वीस ओळी पुरतात. तो किती सैल सोडायचा, हे मात्र प्रत्येक प्राण्यासाठी वेगळं ठरवावं लागतं. सापाला थोडं रेंगाळणं शोभतं, पाखराला अजिबात नाही.

पाखराचंच बघा. सावलीतलं पाखरू दोन अंगठे एकमेकांत अडकवून होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कॅमेऱ्याला नेमकं हेच कठीण जातं. एक हात दुसऱ्याआड गेला की झाकलेली बोटं मॉडेल अंदाजाने भरतं, आणि अंदाज चुकला की पाखराचा पंख उलटा वळतो. २०२२ साली क्वेस्टच्या हात ओळखण्यात मोठी सुधारणा झाली आणि एकमेकांवर आलेले हात पुष्कळ बरे ओळखले जाऊ लागले. तरी मी अंगठे अडकवायला सांगत नाही, शेजारी टेकवायला सांगते. दोन्ही तळवे खेळणाऱ्याकडे, मनगटं जवळ, अंगठ्यांची टोकं भिडलेली, एवढं जुळलं की गेम त्यांना एक पाखरू समजतो. प्रत्येक आकार निवडताना मी भिंतीच्या बाजूने विचार करत नाही, कपाळावरून खाली पाहते, कारण कॅमेरे तिथे आहेत. बोटांची टोकं भिंतीकडे रोखलेली असतील तर ती तळहातामागे लपतात. असे आकार कितीही सुंदर असले तरी मी गेममध्ये घेतलेले नाहीत. तळवा आपल्याकडे आणि करंगळी खाली-वर करून तोंड हलवणारा कुत्रा मात्र एका हाताने होतो आणि जवळजवळ कधीच बिघडत नाही.

झाकलेल्या बोटांबद्दल ओपनएक्सआर एक मदत करतं. प्रत्येक बिंदूबरोबर दोन वेगळ्या खुणा येतात: या जागेची माहिती वापरण्याजोगी आहे का, आणि बिंदू या क्षणी प्रत्यक्ष टिपला जातोय का. पहिलीचं उत्तर हो आणि दुसरीचं नाही असेल, तर तो अंदाज आहे असं मी धरते. तेव्हा सावली शेवटच्या खात्रीच्या आकारावर थांबवते आणि तिच्या कडा हळूहळू विरत नेते. हात पुन्हा दिसला की ती परत गडद होते. त्यामुळे आकार कसा धरला की दिवा तो "पाहतो", हे खेळणाऱ्याला आपोआप उमगत जातं. सूचनांची पाटी लावण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं.

स्पर्श नसतानाही हात आपला कसा वाटतो, हेही पुष्कळजण विचारतात. १९९८ साली बॉट्विनिक आणि कोहेन यांनी केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबरी हात ठेवला, आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरवला. थोड्या वेळाने लोकांना कुंचल्याचा स्पर्श रबरी हातावर होत असल्यासारखा वाटू लागला. डोळ्यांना दिसणारी गोष्ट शरीराच्या जाणिवेवर इतकी मात करते. गेममध्ये याचा सरळ उपयोग होतो. खेळणाऱ्याने दिव्याची काच पुसायला हात पुढे नेला आणि खरा हात काचेच्या पलीकडे गेला, तरी दिसणारा हात मी काचेवरच थांबवते आणि सोबत बारीक आवाज देते. दिसणारा हात खऱ्या हातापासून थोडा सरकला तर सहसा ध्यानात येत नाही, तो वस्तूत घुसलेला मात्र ताबडतोब दिसतो.

दमणुकीचा विचार सतत ठेवावा लागतो. हात डोळ्यांसमोर उचलून धरले की खांदे लवकर भरून येतात. म्हणून दिवा छातीजवळ आहे, कोपरं कमरेशी टेकवून खेळता येतं. त्याहून खाली नेला तर हात कॅमेऱ्यांच्या दृष्टीबाहेर जातात.

सध्या जे सगळ्यात चिवट आहे ते म्हणजे सोडणं. पकडण्याची खूण स्पष्ट असते, सोडण्याची नसते. अंगठे वेगळे झाले म्हणजे खेळणाऱ्याने पाखरू उडवलं, की त्याचे हात दमले? मी दिशा बघते. हात वर जाताना वेगळे झाले तर पाखरू उडतं, खाली येताना झाले तर ते दिव्याच्या कडीवर बसून वाट पाहतं. उडण्याचा वेग काढताना बोटं सुटल्याच्या क्षणीचा घेत नाही, कारण तोवर हाताचा वेग मंदावू लागलेला असतो. त्याआधीच्या काही फ्रेममधला सर्वाधिक वेग घेते. तरी काही जण हात बाजूला फाकवून पाखरू सोडतात, आणि तिथे माझा नियम अजून अपुरा पडतो.

सगळ्याच गेमनी हातांवर यावं, असं मी कुणालाही सांगणार नाही. तलवारबाजी, नेमबाजी, धावपळ यांना कंट्रोलर हवेतच. त्यांची बटणं ठाम असतात, हादरा हाताला कळतो, आणि अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांडीने गेममध्ये चालता येतं. पण ज्याने आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नाही असा माणूस माझ्या गेममध्ये येतो आणि काही न विचारता बोटं हलवू लागतो, तेव्हा या सगळ्या खटाटोपाचं मला मनापासून समाधान वाटतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर युनिटी, अनरियल, गोडो यांपैकी कोणतंही इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, चालेल. तिन्हींना ओपनएक्सआरमधून हातांची माहिती मिळते. पहिल्या दिवशी गेम बनवू नका. अंगठा आणि तर्जनीतलं अंतर हेडसेटमध्ये डोळ्यांसमोर आकड्यात दिसेल एवढंच करा, आणि वेगवेगळ्या हातांच्या माणसांना चिमूट करायला सांगा. येणारी माहिती नोंदवून ठेवा, म्हणजे नियम बदलला की तेच हात पुन्हा चालवून बघता येतील आणि दर वेळी कुणाला हेडसेट घालायला लावावा लागणार नाही.