डोळा गेला तर चाळीस टक्के, पण कशाचे?

कामावर डोळ्याला मार लागला की आठवडाभरात कुणीतरी सांगतंच, ‘चाळीस टक्के मिळतात.’ आकडा खरा आहे. पण ते चाळीस टक्के कशाचे, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात.

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात इजांची यादी आहे. डोळ्यांसाठी तिच्यात चार पायऱ्या आहेत. डोळ्यांवर अवलंबून असलेलं कुठलंही काम जमणार नाही इतकी दृष्टी गेली, तर १०० टक्के. एक डोळाच गेला, बाकी गुंतागुंत नाही आणि दुसरा डोळा चांगला आहे, तर ४०. डोळा जागेवर आहे, बुबुळ-गोळ्याला विद्रूपता नाही, पण नजर गेली, तर ३०. एका डोळ्याची दृष्टी अंशतः गेली, तर १०. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ही यादी तिच्या चौथ्या परिशिष्टात आली. त्या तारखेआधीच्या अपघाताला जुनाच कायदा लागतो.

हे टक्के पगाराचे नाहीत. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असतं तर जी रक्कम मिळाली असती, तिचे आहेत. ती रक्कम म्हणजे मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा घटक, म्हणजे कायद्याच्या तक्त्यात त्या वयासमोर दिलेला आकडा. वेतन कितीही असलं तरी हिशेबात १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८,००० होती. वय शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं धरायचं. ३५ व्या वर्षाचा घटक १९७.०६ आहे. म्हणजे ९,००० गुणिले १९७.०६, एकूण १७,७३,५४० रुपये. त्याचे ४० टक्के ७,०९,४१६, ३० टक्के ५,३२,०६२ आणि १० टक्के १,७७,३५४. वय वाढलं की घटक उतरतो: पन्नाशीत तो १५३.०९ असतो. म्हणून जन्मतारखेचा पुरावा आधी शोधा. आधार आणि शाळेचा दाखला यांत दोन वर्षांचा फरक असला तर मालकाचा वकील तो हमखास काढतो.

४० आणि ३० यांच्यात पावणेदोन लाखांहून जास्त अंतर आहे आणि ते डॉक्टरच्या एका वाक्यावर ठरतं. शस्त्रक्रिया करून डोळा काढला असेल तर वाद नाही. पण छन्नी-हातोड्याचं काम करताना लोखंडाची कपची आत शिरली, नजर गेली आणि पुढे वर्षभरात डोळा आक्रसून लहान झाला, तर? प्रमाणपत्रावर फक्त ‘उजव्या डोळ्याची दृष्टी नाही’ असं लिहिलं असेल तर ३० टक्क्यांवर बोळवण होते. डोळ्याचा आकार बिघडला आहे का, कृत्रिम डोळा बसवावा लागला का, हे त्यात स्पष्ट हवं. म्हणूनच प्रमाणपत्राची घाई करू नये. जखमेमुळे मोतीबिंदू झाला असेल तर शस्त्रक्रियेनंतर चित्र पालटतं, कधी चांगल्या बाजूनं, कधी वाईट. उपचार संपून नजर स्थिर झाल्यावरच टक्के काढायचे.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो दुसरा डोळा. यादीतले ४० आणि ३० हे आकडे ‘दुसरा डोळा चांगला’ या अटीवर आहेत. लहानपणापासून एक डोळा अधू असलेल्या माणसाचा चांगला डोळा अपघातात गेला, तर हे आकडे त्याच्यासाठी नाहीतच. त्याचा दावा १०० टक्क्यांच्या कलमात बसू शकतो. त्यासाठी पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी लिहून घ्या: ६/६, ६/६०, बोटं मोजता येतात, हात हललेला कळतो, फक्त उजेड कळतो किंवा तोही नाही, आणि सगळं चष्म्यासह. त्याच कागदावर ‘कामावर असताना’ हे दोन शब्द हवेत. ‘डोळ्यात कचरा गेला’ एवढीच नोंद असेल तर पुढे अख्खं प्रकरण लंगडतं. आणि कपची लोखंडी असल्याचा संशय असेल तर एमआरआय करू नका, सीटी स्कॅन करा. चुंबकानं कपची हलते आणि उरलीसुरली नजरही जाते.

यादीतला टक्का म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यात डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराला संपूर्ण अपंग धरलं, कारण तो सुतारकाम करूच शकत नव्हता. अवजड गाडीचा चालक, क्रेन ऑपरेटर, सोनार यांनी डोळा गमावला तर हाच मुद्दा मांडता येतो. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, हे त्यांच्या कामात सिद्ध करणं अवघड नाही.

कानाचा मामला वेगळा. इथे पायऱ्याच नाहीत, थेट कडा आहे. ठार बहिरेपणाला १०० टक्के आणि त्याखाली यादीत काहीच नाही. एक कान गेला, कमी ऐकू येतं, कानात सतत शिट्टी वाजते, यांपैकी काहीही यादीत नाही. अशा वेळी डॉक्टरनं ‘कमाईची क्षमता किती टक्के घटली’ ते लिहून द्यावं लागतं. नेमकं इथेच घोळ होतो. डॉक्टर सवलतींसाठीच्या सरकारी अपंगत्व प्रमाणपत्राचं सूत्र लावतात: चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि सहानं भागायचं. एक कान ठार, दुसरा उत्तम, तर उत्तर येतं १६.६७. हे श्रवणाचं अपंगत्व झालं. रेल्वेरुळांवर काम करणाऱ्याला गाडी कुठल्या बाजूनं येते ते कळत नसेल तर त्याची कमाई सतराच टक्के घटली असं कसं म्हणायचं? दोन्ही आकडे प्रमाणपत्रावर वेगवेगळे मागा.

डोळ्याच्या प्रमाणपत्रातही हाच सापळा आहे. एक डोळा आंधळा आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व प्रमाणपत्रावर ३० टक्के येतात, म्हणजे सवलतींसाठी लागणाऱ्या ४० ला ते कमी पडतात. पण डोळा काढलेल्या माणसाला ‘तुमच्याच कागदावर ३० आहेत’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती मोजपट्टी निराळी आहे.

गोंगाटानं आलेला बहिरेपणा हा व्यवसायजन्य आजार आहे, अपघात नव्हे. तो कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या ब भागात येतो आणि त्यासाठी त्या मालकाकडे सलग सहा महिन्यांची नोकरी लागते. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. मालकाचं ठरलेलं उत्तर ‘वयामुळे झालं’ हेच असतं. त्याला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, उत्तर देतो: गोंगाटाच्या नुकसानीत ४,००० हर्ट्झला खड्डा पडतो आणि ८,००० ला रेघ पुन्हा वर येते, वयाच्या बहिरेपणात ती उतरतच जाते. समजा ५००, १,०००, २,००० आणि ४,००० हर्ट्झला अनुक्रमे २०, २५, ३० आणि ६५ डेसिबल आले. पहिल्या तिघांचीच सरासरी काढली तर २५, म्हणजे ‘नॉर्मल’. चारही धरले तर ३५. सरासरी कुठल्या आकड्यांची आहे ते बघितल्याशिवाय अहवाल घेऊ नका. चाचणी रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी सकाळी, कामावर जायच्या आधी करा. नाहीतर थकलेल्या कानाचा तात्पुरता बहिरेपणा त्यात मिसळतो आणि अहवालावर शंका घ्यायला जागा राहते.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर यातला एकरकमी हिशेब विसरा. दोन्हीकडून घेता येत नाही. तिथे वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्क्यांवर ते लावून पेन्शन देतं, तीही आयुष्यभर. रोज ५०० असेल आणि ४० टक्के ठरले तर दिवसाला १८० रुपये. तरुण कामगाराला दीर्घ मुदतीत हेच फायद्याचं ठरू शकतं.

जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षं आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकावर दावा चालतो. रक्कम महिनाभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, म्हणजे वरच्या ७,०९,४१६ वर साधारण ८५,००० रुपये, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. ‘पन्नास हजार घे आणि सही कर’ हा तोडगा नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदणीकृत नसेल तर मालक सुटत नाही. त्याला पूर्ण रक्कम द्यावी लागते, आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर त्या पन्नास हजारांतले निम्म्यापेक्षा जास्त वळतेही करून घेता येत नाहीत.